खिळ्यावरची किल्ली

आधी तिथे तक्ता होता.
कचेरीच्या भिंतीवर, घड्याळाखाली.
नावापुढे चांदण्या चिकटवायच्या:
रक्त दिलं तर दोन, झाड लावलं तर एक,
फोटो आणला तर वर अर्धी.
त्या वर्षी तिबिलिसीतल्या एकाच शाळेची भिंत
आम्ही लिफ्टवाल्यांनी तीनदा रंगवली.
शिपाई शेवटी हात जोडून म्हणाला,
पुरे करा बाबांनो,
पोरांच्या कोपरांचा रंग निघेना.

झाझा सगळ्यांत पुढे. एकोणीस चांदण्या.
त्याची आई आठवडाभर इस्पितळात एकटी होती
हे आम्हाला मागाहून कळलं.
त्याला तक्त्यात रकाना नव्हता.

मग लमारा आली, नवी व्यवस्थापक.
नखांत अजून ग्रीस.
तक्ता तिने स्वतः उतरवला. बैठक नाही, भाषण नाही.
भिंतीवर फिकट चौकोन उरला, त्यात एक खिळा,
खिळ्यावर जुन्या गाडीची किल्ली.
"गुरुवारी तीननंतरचा वेळ तुमचा, पगार कंपनीचा.
दुसऱ्या कुणासाठी तरी वापरा.
कुणासाठी, ते मला सांगू नका."

मी उशांगी. चोवीस वर्षं दोर आणि कप्प्या.
पहिल्या गुरुवारी घरी जाऊन झोपलो.
दुसऱ्याही.
कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर थाप तयार होती;
ती तोंडातच घोळत राहिली,
चोखून झालेल्या जर्दाळूच्या बीसारखी.

तिसऱ्या गुरुवारी किल्ली घेतली, ग्लदानीला गेलो.
नाणं टाकल्याशिवाय न हलणारी तिथली लिफ्ट
नऊ वर्षं माझ्याच देखरेखीखाली.
अकराव्या मजल्यावरची एतेरी काठी टेकत आत शिरते
तोवर दार तिच्या खांद्यावर येऊन आदळतं.
सहा सेकंद. नियमात बसतं.
नऊ वर्षं वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात:
दोष नाही.

एक स्क्रू अडीच फेरे फिरवला.
चौदा सेकंद.
एवढंच.

चौथ्या मजल्यावरचा पोरगा करवादला,
हे दार आहे की कासव.
एतेरी मला दिसली ती पुढच्या महिन्यात, खाली, बाकावर,
मांडीवर तारखुनाची जुडी.
म्हणाली, दाराला काय झालंय रे?
माझ्यासारखं म्हातारं झालं वाटतं.
असेल, म्हणालो.

लमारा भोळी नाही, हेही सांगतो.
तक्रारी घटल्या, दोन कंत्राटं टिकली,
बेरीज तिलाही येते.
येऊ दे.
दार चौदा सेकंद उघडं राहतं,
कुणाच्याही बेरजेने ते आधी मिटत नाही.

काल गुरुवार.
तीन वाजता पाहिलं तर खिळा रिकामा.
माझ्याआधी कुणीतरी किल्ली नेलेली.
आधी जरा राग आला.
मग पाना कोटाच्या खिशात घातला
आणि बसथांब्याकडे निघालो.