नाड्या

शेवटच्या सामन्यात एक्केचाळीस गुण दिले संघानं.
सोमवारी मालकांनी मुल्लाणी सरांना
सांगलीच्या ऑफिसात बोलावून चहा पाजला,
दुपारी मला फोन:
बचाव आता तुमच्याकडं.

पलूसला सरावाला आलो तर
मॅट नुकतीच पुसलेली,
पोरं रेषेवर गप्प,
आणि खुंटीला सरांच्या नाड्यांचा जुडगा.
पायजम्याच्या साध्या नाड्या.
मनगटाला मनगट बांधायचे,
साखळी सुटायला नको म्हणून.
माझ्या डाव्या हाताला वर्षभर वळ होता.

मी लॅपटॉप उघडला.
कुठला चढाईपटू कुठल्या पायावर वळतो,
कितव्या सेकंदाला बोनस मारतो,
सगळं लाल-निळं.

कोपऱ्यातला शेंडगे म्हणाला,
"सर म्हणायचे, पायाकडं बघू नगंस,
त्येचा दम ऐक.
'कबड्डी'तली 'ड्डी' बारीक झाली
की घोटा तुझाच."

हे तो मला सांगत होता.
मला,
ज्याच्या कानात सरांनी ते पहिल्यांदा घातलं
कृष्णेच्या मळीत, गुडघाभर चिखलात.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.
शब्द जुळवत गेलो होतो, दारातच सांडले.
सर सायकलीत हवा भरत होते.
"आलास? नाड्या धुऊन घे,
घामानं कडक झाल्यात.
आन् शेंडग्याचा उजवा गुडघा जप."

एवढंच. परत पंप.
मी वाकून टायर दाबून बघितला.
"अजून दोन मारा," म्हणालो.