नऊ मीटर

हुडकेश्वरच्या पुढे, जिथे तेव्हा नुसत्या तुरी होत्या,
मी पंचाऐंशी साली ट्रेसिंग पेपरवर रस्ते आखले.
बारा मीटर, नऊ मीटर, कोपरे गोल.
साहेब म्हणाले होते, सगळं आरपार पाहिजे.
मीही आरपारच ओढत होतो,
पण चौथ्या गल्लीच्या टोकाला एक विहीर आली
आणि तिचा मालक कचेरीत येऊन बसला,
तीन दिवस, डबा घेऊन.
चौथ्या दिवशी मी पेन उचलला.
गल्ली तिथेच थांबली.

पुढे मलाही तिथेच प्लॉट मिळाला, एक्केचाळीस नंबर.
टोकाचा, तिरपा, कोणालाच नको होता.

बाकी तीन गल्ल्या निघाल्या त्या थेट पलीकडे.
सिमेंट पडलं, रस्ता अंगणापेक्षा हातभर वर आला,
गाड्या सुटल्या, लोकांनी फाटकं उंच केली.
दुसऱ्या गल्लीतले खोब्रागडे आणि समोरचे धोटे
बावीस वर्षं समोरासमोर राहून
एकमेकांना हॉर्नवरून ओळखतात.

आमच्या चौथीतून कुठेच जाता येत नाही
म्हणून कोणी येत नाही,
कोणी येत नाही म्हणून पोरं रस्त्यात पसरतात,
पोरं रस्त्यात म्हणून आयांच्या खुर्च्या बाहेर,
आणि खुर्च्या बाहेर म्हणून
कुंदाबाई झाडेंचा कुकर कितव्या शिट्टीला आहे
हे सगळ्यांना तोंडपाठ.
तान्ह्या पोळ्याला चाकांवरचे बैल
तिन्ही गल्ल्यांतून इथेच येतात,
बोजाऱ्याची चिल्लर आम्ही आठवडाभर आधी जमवतो.
मे महिन्यात लाइट गेली
की विहिरीच्या कठड्यावर जागा मिळत नाही.
भांडणंही आमचीच मोठी. एका कूलरच्या पाण्यावरून
दोन दिवाळ्या अबोल्यात गेल्या.
पण लांजेवारांच्या सुनेला रात्री कळा आल्या
तेव्हा चार घरांतून चार गाड्या निघाल्या
आणि तोंडाशी एकमेकींत अडकल्या.
ती शेवटी मेश्रामच्या ऑटोतून गेली.

यातलं काही मी आखलं नव्हतं.
नकाशात तिथे फक्त रेघ संपते.

परवा दोन पोरं आली, फीत घेऊन.
एकानं मोबाईलवर वरून दिसणारी आमची गल्ली दाखवली,
"काका, हे काऊन बंद आहे? चूक दिसते कोणाची तरी."
विहीर बुजवायची, पुढच्या रस्त्याला जोडायचं,
मेन रोडला दोन मिनिटं वाचतात म्हणे.
कोणाची चूक, ते मी सांगितलं नाही.
चहा विचारला. त्यांनी घेतला.

फीत खडूच्या विकेटवरून गेली.
दुसरं टोक धरायला कुंदाबाई उठल्या, हौसेनं,
लसणाची सालं पदराला तशीच.
"किती भरली रे?"
"नऊ मीटर."
"येवढीच?" त्या म्हणाल्या,
आणि टोक हातात धरूनच इकडेतिकडे पाहिलं.
"मले त वाटे, लय मोठी आहे."