शेऱ्याचा रकाना

खारबांदला मी होडीतून उतरलो,
पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, फाईल डोक्यावर.
चव्वेचाळीस रकाने भरायचे होते
आणि परतीची होडी साडेतीनची.

पट : अकरा.
शिक्षक : मंजूर दोन, हजर एक.
संरक्षक भिंत : तीन बाजूंनी. चौथीकडे खाडी.
रॅम्प : आहे.
(एक शेळी वापरते.)
संगणक : आहे. खोक्यात.
आधीचे दोन खाऱ्या हवेनं खाल्ले,
म्हणून बाईंनी तिसऱ्याचं खोकं फोडलंच नव्हतं.

मी एका मुलाला सतराचा पाढा विचारला.
सतरा आठेला तो शेवाळावरून घसरावा तसा घसरला.
बाकीच्यांनी नुसते ओठ हलवून त्याला हात दिला,
मी खिडकीबाहेर बघितलं.
हे कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

मग हजेरीपत्रक मागितलं.
गैरहजेरीच्या प्रत्येक चौकटीशेजारी
बारीक पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं :

यशवंत – होडीला भोक. बापाबरोबर डांबर लावतो.
दीक्षा – दाढ.
निकिता – घरात भांडण. संध्याकाळी जाऊन आले.
यशवंत – तेच भोक.
शमीम – ओहोटी सकाळची. खुबे काढून अकरानंतर येईल.

"हे काय, मोंडकर बाई?"
बाई स्टोव्हला पिन मारत होत्या.
"नुसतं गैरहजर लिहिलं ना सर,
की मूल कुठंच नाही असं वाटतं.
कुठंतरी असतंच की ते."

सव्वाअकराला शमीम आली.
परकराची कड ओली, नखांत चिखल.
कुणी मागे वळून पाहिलं नाही,
फक्त एकीनं सरकून जागा केली.
फळ्याचा डावा कोपरा सकाळपासून तसाच होता,
चार गणितं, भोवती खडूची चौकट.
बाकी फळा दोनदा पुसून झाला होता.
ती थेट त्या कोपऱ्यासमोर जाऊन बसली,
घरी आल्यावर झाकून ठेवलेलं ताट
पुढ्यात ओढावं तशी.

हे सगळं मी पाहिलं.
शपथेवर सांगतो, पाहिलं.

आणि साडेतीनच्या होडीत, मांडीवर फाईल घेऊन लिहिलं :
'हजेरीपत्रकात अनावश्यक नोंदी. सुधारणा आवश्यक.'
चव्वेचाळिसावा रकाना होता
'शाळेची परिणामकारकता (थोडक्यात)'.
मी लिहिलं, 'साधारण'.
थोडक्यात म्हटलं होतं ना.

तीन वर्षांनी शाळा पलीकडच्या तीरावरच्या शाळेत मिळवली.
तिला भिंत चारही बाजूंनी आहे.
माझ्या एका शब्दानं झालं असं मी म्हणत नाही,
पट तोवर सातवर आला होता.
पण फायलीत शब्द एकमेकांना टेकून उभे असतात,
एकाचा भार दुसऱ्यावर.

आता मी निवृत्त. रक्तदाब.
दर बुधवारी ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर.
परवा सिस्टरनं पट्टा सोडला, आकडा बघितला,
पुन्हा बांधला, पुन्हा बघितला.
"सर, गोळी चुकता ती कित्याक?"

डॉक्टर हे कधी विचारत नाहीत.
ते लिहितात, 'रुग्ण गोळ्या नियमित घेत नाही'.
तेही खरंच आहे.
मी म्हणालो, "डबा वरच्या फळीवर असतो.
आणि बायको माझ्याहून उंच होती."

ती हसली नाही.
खिशातून पेन्सिल काढली
आणि केसपेपरच्या समासात
बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं.
मी चष्मा लावला नव्हता.
छातीवरच्या पट्टीवर एवढंच वाचता आलं :
श. इ. सोलकर.

मी ओळख दिली नाही.
तिनं दिली की नाही, कळलं नाही.

आज सकाळी फोन वाजला.
"सर, डबो खाली काढलात?"