पान एकशे बारा

'बारगळच्या बारा कथा', आवृत्ती दुसरी, किंमत अडीच रुपये.
पुठ्ठा निसटलेला, पाठीला पार्सलच्या लेबलाची पट्टी,
ती मीच लावलेली, नोकरीत असताना, सरकारी डिंकाने.
यंदा हे सातवं वाचन.
वही काढतो. शंभर पानी, शाळकरी.
दर कथेला दहापैकी गुण, तारीख आणि शेरा,
जसा कुणी मला या कामाचा पगार देतंय.

बाहेर सेहेचाळीस. सावद्यात एक ते पाच
फक्त कूलर बोलतो.

'अकरावा चमचा': अठ्ठ्याहत्तर साली नऊ, आज सहा.
चमचा कुणी लपवला ते कळल्यावर
त्या घरात बघण्यासारखं काही उरत नाही.
'निळ्या शाईची मनिऑर्डर': तेव्हा चार. आज साडेआठ.
तेव्हा मी खुनी शोधत होतो.
आता पोस्टमन दिसतो. दर दोन पानांनी येतो,
उभ्या उभ्या सही घेतो,
अख्ख्या कथेत त्याला कुणी बस म्हणत नाही.
'गच्चीवरचं पाऊल': दोन गुण कापले, दरवेळी कापतो.
वैशाखातली दुपार, प्रेतावर घोंगडी,
आणि तीन दिवस घरात कुणाला वास नाही!
लेखक थंड गावचा असणार.

बारगळवर मात्र जीव आहे.
लठ्ठ, कायमची सर्दी, बेड्या घालण्याआधी
चपला बाहेर काढून आत येणारा हेर.
त्याच्यासारखं मीही पार्सलं हुंगायचो.
एकदा साबणाच्या खोक्यात मोहाची दारू निघाली;
आठवडाभर मी कुणाशी साधं बोललो नाही.

आणि 'मुनीम परत आला'. सगळ्यात शेवटची.
शेवटचं पान नसलेली. कुणी विडी पेटवायला नेलं, देव जाणे.
केळीच्या वॅगनी भरायच्या, इंजिन रात्री उशिरा,
तोवर कंदिलाशी मी मोठ्याने वाचायचो
आणि सायबू तडवी घडांना टेकून ऐकायचा.
सदरा चिकाने काळा, खांद्यावर तसलंच फडकं.
शेठ गोदामात मेलेला, दाराला आतून कडी,
मुनीम दुपारी दोनला स्टेशनावरून चालत येतो,
टोपी काढतो, रडतो.
सायबूने पानावर अंगठा ठेवला.
"थांब बाबू. ह्यो खोटा बोलून राह्यला.
इतक्या उन्हातून आला, अन् पानी नाही मांगलं."

पुढे पान नव्हतंच.
केळी ट्रकवर गेली, सायबू पालकडे, डोंगरात.
केळीचा चीक धुतला तरी जात नाही.
एकशे बाराव्या पानावर तो अंगठा अजून आहे,
रेघा मोजता येतील इतका.

या चैत्रात भुसावळच्या रद्दीत दुसरी प्रत मिळाली.
कोरी. सगळी पानं जागच्या जागी.
घरी येईतो उघडली नाही,
बसमध्ये मांडीवर पालथी ठेवली.

आज शेवटचं पान वाचलं.
खुनी पुतण्या.
खोटी मिशी, मुंबईहून आणलेलं विष, साडेतीन ओळींत कबुली.
मुनीम शेठाणीला धीर देतो.
बारगळ रुमालात शिंकतो आणि निघतो.

मी मागे गेलो. पुन्हा एकशे बारा.
मुनीम येतो, टोपी काढतो, रडतो.
कोपऱ्यात माठ आहे, लेखकानेच ठेवलाय, दोन ओळी वर.
मुनीम त्याच्याकडे बघतही नाही.
आणि बारगळ तिथेच, खिडकीशी उभा!
चाळीस वर्षं मी ज्याच्या मागे चाललो, तो.

बराच वेळ पेन हातात धरून बसलो.
मग शेरा लिहिला:
रचना बरी. भाषा चांगली. खुनी सुटला आहे.
लेखकाला चार.

नवी प्रत परत रद्दीत देईन.
ते एक पान कापून जुनीत चिकटवावं
असं मनात आलं होतं, डिंकही काढला होता.
नाही चिकटवणार.