नळाच्या खणात नल

ऐरोलीत, सहाव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून
क्लाउड दिसतो.
रबाळ्याच्या अंगाला उभी, खिडक्या नसलेली
एक पांढरी इमारत,
मागे ओळीने जनरेटर, भिंतीवर काटेरी तार,
गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमन, मांडीवर वही.
गिऱ्हाइकांना आम्ही सांगतो, तुमचा डेटा क्लाउडवर आहे.
ते नकळत वर बघतात.

माझं काम विचारण्याचं.
पाण्याच्या तक्रारी एका सेवेत साठतात,
मीटरची रीडिंगं दुसरीत.
रात्री दोन वाजता कनेक्टर दोन्हींकडून
पाचशे-पाचशे ओळींनी सगळं ओढून आणतो
आमच्या इंजिनात,
आणि सकाळी मी लिहिते:
सिलेक्ट अमुक, फ्रॉम तमुक, व्हेअर वॉर्ड इतका.
चाळीस मशिनी एक प्रश्न वाटून घेतात,
पंगतीत वाढप्यांनी रांगा वाटून घ्याव्यात तशा.
अकरा सेकंदांत साडेचार कोटी ओळी चाळून
उत्तर पुढ्यात.
(तारीख घालायला विसरले की अकरा मिनिटं,
आणि महिनाअखेरीस पारनेरकर बिलाची प्रिंट घेऊन येतो.
बोलत नाही. नुसती ठेवतो.)

मार्चपासूनचा माझा रिपोर्ट देखणा होता.
तक्रारीसमोर मीटर, मीटरसमोर दाब,
एकही खण रिकामा नाही.
"क्लीन," म्हणाला पारनेरकर, आणि वर पाठवला.

मेमधल्या एका गुरुवारी सहज बेरीज ताडून पाहिली.
आत आलेल्या तक्रारी एकोणीस हजार चारशे बारा.
रिपोर्टात सतरा हजार तीनशे.
चोरी नव्हती, बिघाड नव्हता.
मीच लिहिलं होतं: इनर जॉइन.
दोन्ही टेबलांत ज्याचं नाव, तोच आत.
जोडी नसेल तो उंबऱ्याबाहेर,
आणि दार लागल्याचा आवाजही नाही.

एक शब्द बदलला. इनरच्या जागी लेफ्ट.

सगळ्यात वर:
इंदुमती गणपत खरटमोल, ईलठणपाडा, दिघा.
चौदा तक्रारी, सगळ्या पहाटे चार ते पाचमधल्या.
चावी सोडली नाही.
चावीवाला आलाच नाही.
आज पण नाही.
चौदावीत मजकूर नाही, नुसता एक पूर्णविराम.
आणि उजवीकडे, मीटर नंबर असायचा तिथे,
नल.

मोठ्याने वाचलं आणि चपापले.
नळाच्या खणात नल.
जिभेचं टोक जरासं मागे वळवलं तर पाणी,
नाही वळवलं तर काहीच नाही.

शून्य वेगळं. शून्याला मीटर असतो,
घराला कुलूप असतं, माणसं गावी गेलेली असतात.
नल म्हणजे मीटर आहे की नाही
हेच कुणी कधी पाहिलेलं नाही.
आणि त्याची खोड अशी,
की बरोबरचं चिन्ह लावून शोधाल तर सापडत नाही;
नलची बरोबरी नलशीही होत नाही.
इंदुमतीबाईंच्या भिंतीला भिंत लावून
दुसरं घर, तिथेही हंडे पालथे,
तरी इंजिन म्हणणार: दोन्ही सारखी का?
सांगता येत नाही.

पारनेरकर खुर्ची ओढून बसला. बराच वेळ खाली-खाली सरकत राहिला.
"शून्य भरून टाक," म्हणाला, "दिसायला बरं."
मग स्वतःच, "नको. थांब."
समोरच्या गेटातून टँकर आत गेला.
क्लाउडला थंड राहायला रोज पाणी लागतं.
वॉचमनने नंबर वहीत उतरवला.

रिपोर्ट गेला तसाच, दोन हजार एकशे बारा भोकांसकट.
वरून अजून काही आलेलं नाही.

निघताना क्वेरीच्या डोक्यावर मी एक ओळ लिहिली,
दोन आडव्या रेघांमागची,
जी चाळीसही मशिनी न वाचता ओलांडून जातात,
पण माझ्यानंतर इथे बसेल त्याला वाचावी लागेल:

-- इथे इनर करू नका. बाई थांबल्या आहेत.