पातेरा

कोळथऱ्याला आमच्या पोफळीच्या बागेत
मुकादमांची रुखसार चाळण घेऊन बसते.
तांदूळ नव्हे, पातेरा चाळते.

"ढेकणांच्याच गोतातले," ती म्हणाली
तशी आक्का दोन पावलं मागे सरली.
मोहरीहून लहान. माणसाला चावत नाहीत,
घरात येत नाहीत, ओल सोडून कुठे जात नाहीत.
मराठीत त्यांना नाव नाही.

चाळीस वर्षं मी हा पातेरा ओढतोय,
दाढ भाजायला डोक्यावरून नेतोय.
खाली बिऱ्हाड आहे
हे कुणी सांगितलं नव्हतं.

पडवीत तिचं पत्र्याचं नरसाळं,
वर पिवळा बल्ब, खाली स्पिरिटची बाटली.
उजेड तापतो तसे ते खाली सरकतात,
अंधाराच्या, गारव्याच्या भरवशावर,
आणि तिथे बाटली.
रात्री लाइट गेली.
खरं सांगतो, मला बरं वाटलं.

सकाळी भिंगातून एक दाखवला.
सुईसारखी सोंड पोटाखाली दुमडलेली,
मागचं अंग एकीकडे पिळलेलं,
घाईत शिवलेल्या झबल्यासारखं.
"अधू आहे का गं?"
"नाही काका. नर असेच असतात."
मी माझ्या वाकड्या खांद्यावरची पंचा सारखा केला.

रुखसार गेली. चैत्र आला.
"ओढ की रे," आक्का मागून ओरडली.
ओढला. न ओढून सांगतो कुणाला?
पण आधी खराट्याचा दांडा
जमिनीवर दोनदा आपटला,
साप असेल म्हणून आपटतो
तसा,
जरा हळू.