वर एक

माझं सहावं बोट कोंबडीनं नेलं,
असं आई सांगते.
बाबा म्हणायचे, छे, मी स्वतः पुरलं माडाच्या आळ्यात,
आणि दाखवायचे तो माड, वीज पडून शेंडा गेलेला.
मला कोंबडीवरच जास्त विश्वास आहे.

निवतीला तेव्हा सुईण भागीरथी.
तिनं जाळ्याच्या सुताचा एक पदर सोडवला,
करंगळीच्या कडेला लोंबणाऱ्या एवढ्याशा मांसाला
गाठ मारली, जाळ्याला मारतात तीच,
आणि आईला म्हणाली, "नवव्या दिसा पडतला. बघू नको."
आईनं बघितलं नाही.
म्हणूनच कदाचित कोंबडी.

राहिलाय तो उंचवटा, मोहरीएवढा.
मासे निवडताना काटा नेमका तिथं टोचतो
आणि कळ येते ती हाताच्या बाहेरून,
जिथं काही नाही तिथून.

चार वर्षांपूर्वी ओरोसच्या दवाखान्यात
नर्सनं दुपटं उघडलं आणि मोजायला लागली.
झाल्यावर परत मोजलं.
"चोवीस," म्हणाली,
फळीवरचे बांगडे मोजून सांगावेत तशी.
नवरा ट्रॉलरवर. फोनवर बराच वेळ नुसता वारा.
मग विचारलं, "चलतली मां?"

आत्येसासू म्हणाली, नशीबवान.
शेजारची रुक्मा म्हणाली, ग्रहण पाळलं नसणार.
डॉक्टर म्हणाला, काही नाही हो, रक्तातूनच येतं,
वर्षाची झाली की काढू,
आणि माझ्या हाताकडे बघून थांबला.

तो कागद बिस्किटांच्या डब्यात आहे.
तारीख दोनदा खोडलीय.
एकदा बांगड्याचा हंगाम होता.
एकदा काहीच नव्हतं.

रेवाला मुलग्यांची चप्पल लागते, दोन नंबर मोठी.
अंगणवाडीत बोटांवर दहा मोजायला सांगितले,
ती बारावर थांबली.
बाई म्हणाल्या, चूक.
घरी येईपर्यंत ती हात बघत होती,
कुठलं चूक ते शोधत.

मालवणच्या बाजारात मी वाटे लावते, पाच-पाचाचे.
गिऱ्हाईक पैसे काढता काढता म्हणतंच,
"वर एक घाल गो."
कुरकुरत घालते, पण घालते.
आजवर कुणी तो एक परत केलेला नाही.
हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला,
"बोट म्हणजे बांगडो नाय."
तेही खरंच.

यंदा गौर आणताना
तांदळाच्या पिठात मूठ बुडवून
मी उंबऱ्यापासून पावलं उठवत आत चालले होते.
मागून रेवा, एकेका पावलाला बोटं टेकवत.
माजघरात पोचून वळले.
प्रत्येक पावलाला सहा.

आत्येसासू ओलं फडकं घेऊन आलीच.
वाकली. पहिल्या पावलाचं एक बोट पुसलं.
दुसऱ्याचं पुसलं.
मग तिची कंबर धरली की काय, माहीत नाही,
तशीच भिंतीला टेकून खाली बसली.
"एवढ्या लांबसून इली ती," म्हणाली,
"बोटां कित्याक मोजतंस? आत घे तिका."

ओरोसची तारीख गणपतीनंतरची आहे.
गौर मी आत घेतली.
दारात रेवा, पिठाचे हात वर धरून,
विचारत होती,
आता कुठं टेकू?